हात न लावता केलेल्या कामाचा विमा

होम एनर्जी ऑडिटरची परीक्षा पास झाल्याचं कळलं त्याच आठवड्यात एका कंत्राटदाराच्या ऑफिसातून ई-मेल आली: सर्टिफिकेट पाठवा, सोमवारपासून तपासायला घरं देतो. मी हुरळून बीपीआयचं, म्हणजे बिल्डिंग परफॉर्मन्स इन्स्टिट्यूटचं, सर्टिफिकेट नीट स्कॅन करून पाठवलं. तासाभरात उत्तर आलं. हे नको, विम्याचं हवं.

विम्याचंही सर्टिफिकेट असतं हे मला तोवर ठाऊक नव्हतं. आपल्याकडे पॉलिसी असते, ती कपाटात असते आणि तिची पावती मार्चमध्ये शोधायची असते.

मी मूळची सांगलीची. पुण्यात आर्किटेक्चर केलं, लग्नानंतर शिकागोजवळ शॉमबर्गला आले आणि नवऱ्याच्या व्हिसावर बरीच वर्षं घरात बसले. ग्रीन कार्ड आलं तेव्हा चाळिशी उलटली होती. आर्किटेक्टचा परवाना इथे नव्याने मिळवायचा तर पुन्हा सगळं पहिल्यापासून. त्यापेक्षा होम एनर्जी ऑडिटरचं काम बरं वाटलं. घर कुठून गळतं, ऊब कुठून निसटते, घर गरम करणारी फर्नेस, वॉटर हीटर अशी गॅसची उपकरणं धूर नीट बाहेर टाकतात का, हे तपासायचं आणि अहवाल लिहून द्यायचा. आईला फोनवर समजावलं तर ती म्हणाली, "म्हणजे लोकांच्या माळ्यावर चढून काय शोधत फिरतेस गं?" माळ्यावर चढणं हा या कामाचा बराच मोठा भाग आहे, त्यामुळे तिचं फारसं चुकलं नव्हतं.

हे २०२३ साल. त्या वर्षापासून घरमालकाला ऑडिटच्या खर्चाच्या ३० टक्के, जास्तीत जास्त १५० डॉलर, केंद्राच्या आयकरात सूट मिळू लागली होती. त्यासाठीच्या अहवालावर ऑडिटरचा व्यवसायाचा करक्रमांक लागायचा. म्हणून एलएलसी, म्हणजे मर्यादित जबाबदारीची छोटी कंपनी, काढली. इलिनॉयला १५० डॉलर भरले, पुढे दरवर्षी ७५. हे सगळं एका दुपारी उरकलं आणि विमाही असाच दुपारभरात होईल असं मी धरून चालले.

झालाही. एका ऑनलाइन कंपनीच्या पानावर व्यवसाय निवडायची यादी होती. त्यात कुत्रे फिरवणारे होते, फुगे सजवणारे होते, एनर्जी ऑडिटर नव्हते. मी 'सल्लागार' निवडलं. दहा मिनिटांत दहा लाख डॉलरची जनरल लायबिलिटी पॉलिसी हातात आली, वर्षाला चारशेच्या आत. चहा करून घेतला. सर्टिफिकेट पाठवलं. उत्तर आलं: यात आमचं नाव अतिरिक्त विमाधारक म्हणून नाही, प्रोफेशनल लायबिलिटी नाही, आणि तुमच्या पॉलिसीत चाचणीची कामं वगळली आहेत, तुम्ही तर चाचणीच करणार आहात ना?

चाचणीचं वगळलेलं कलम माझ्या पॉलिसीत खरंच होतं. एकतिसाव्या पानावर.

मग एजंट शोधली. साठीच्या आसपासची पोलिश बाई, आमच्या घरापासून दहा मिनिटांवर तिचं ऑफिस, खिडकीत जेरेनियमच्या कुंड्या. तिने पहिला प्रश्न विचारला, "तू हात लावणार का?"

मला कळेना. कशाला हात?

"कशालाही. गॅसचा नळ आवळणार? फटीत फोम मारणार? फर्नेसचं झाकण काढून काही जोडणार?"

नाही म्हटलं. बघणार, मोजणार, लिहिणार.

"मग तुझ्या हातांपेक्षा तुझ्या लिहिण्याचा विमा महाग पडेल," ती म्हणाली आणि चष्मा लावून फॉर्म काढला.

तिने फरक सांगितला तो असा. मी शिडी नेताना कुणाची फुलदाणी फोडली, किंवा घरमालक माझ्या वायरीत अडखळून पडला, तर ते जनरल लायबिलिटीचं काम. पण मी अहवालात 'माळ्यावरच्या या फटी बुजवा' असं लिहिलं, त्यांनी बुजवल्या, घर घट्ट झालं, दमट हवा आत कोंडली आणि भिंतीला बुरशी आली, तर मी फोडलं काहीच नाही. फक्त एक वाक्य लिहिलं. त्या वाक्यासाठी प्रोफेशनल लायबिलिटी, जिला इथे सगळे ई अँड ओ (एरर्स अँड ओमिशन्स) म्हणतात: चुकून केलेलं आणि करायचं राहून गेलेलं. यातलं 'राहून गेलेलं' मला जास्त भीतीदायक वाटलं. केलेलं निदान आठवतं तरी.

फॉर्म चार पानी होता. दुरुस्ती करता का? कंत्राटदार सुचवून दलाली घेता का? १९७८ पूर्वीची घरं किती? (त्या सालापर्यंत घरांना शिशाचा रंग चालत असे.) ॲस्बेस्टॉसला धक्का लागेल असं काही करता का? (त्याचे तंतू श्वासातून गेले तर कॅन्सर होऊ शकतो.) या शेवटच्या प्रश्नावर मी अडकले. त्याचं कारण ब्लोअर डोअर.

ब्लोअर डोअर म्हणजे मुख्य दाराच्या चौकटीत ताणून बसवायचा एक कापडी पडदा आणि त्यात एक दणकट पंखा. पंखा घरातली हवा बाहेर खेचतो. आतला दाब बाहेरच्यापेक्षा ५० पास्कलने खाली आला की घर जणू चहूबाजूंनी ताशी वीस मैलांच्या वाऱ्यात उभं असल्यासारखं होतं आणि जिथे जिथे फट आहे तिथून हवा आत शिरते. हात फिरवला तरी कळतं. पण फटीतून नुसती हवा येत नाही, फटीपलीकडे जे काही आहे तेही येतं. जुन्या घरांच्या माळ्यावर कधी कधी व्हर्मिक्युलाइट सापडतं, राखाडी-सोनेरी चकचकीत खड्यांसारखं इन्सुलेशन. त्यातलं पुष्कळसं मोंटानातल्या लिबीच्या खाणीतून आलेलं. ती खाण १९९०मध्ये बंद झाली, पण तिच्या मालात ॲस्बेस्टॉस मिसळलेलं होतं आणि तो माल अजून लोकांच्या डोक्यावर आहे. तिथे पंखा लावला तर तेच बैठकीच्या खोलीत ओढलं जाणार. म्हणून नियम असा की आधी माळा बघायचा, व्हर्मिक्युलाइट दिसलं तर पंखा लावायचाच नाही. मी हे सगळं फॉर्मच्या समासात लिहिलं. एजंटबाईंनी वाचलं आणि म्हणाल्या, "असं लिहिणारे आवडतात त्यांना. किंवा घाबरतात. बघू."

दोन आठवडे शांतता. सोमवार कधीच होऊन गेला होता.

त्या दोन आठवड्यांत मी रोज रात्री नमुना पॉलिसी वाचली. स्वयंपाकघरातल्या टेबलावर, पिवळा मार्कर घेऊन. या कागदांची एक गंमत आहे: पहिल्या पानावर भरभरून देतात आणि पुढची चाळीस पानं ते परत घेण्यात जातात. बुरशी वगळली. शिसं वगळलं. प्रदूषण वगळलं. प्रदूषणापाशी मी थांबले, कारण व्याख्येत धूर, वाफ, वायू सगळं होतं. म्हणजे कार्बन मोनॉक्साइडही? माझ्या कामात माणूस मरू शकेल अशी एकच गोष्ट आहे आणि ती हीच. तीच वगळली असेल तर उरलेल्या विम्याचं लोणचं घालायचं का?

एजंटबाईंनी सांगितलं की त्या वकील नाहीत. मग मीच शोधलं. अमेरिकेतल्या वेगवेगळ्या राज्यांच्या कोर्टांनी याची वेगवेगळी उत्तरं दिली आहेत. आमच्या इलिनॉयच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९७मध्ये दिलेलं उत्तर मात्र माझ्या बाजूचं निघालं. बफेलो ग्रोव्हमधल्या एका दुमजली इमारतीत, आमच्या घरापासून अर्ध्या तासावर, फर्नेसमधून कार्बन मोनॉक्साइड पसरून तिथले कर्मचारी आजारी पडले होते. विमा कंपनी म्हणाली हे प्रदूषण, आम्ही देणं लागत नाही. कोर्ट म्हणालं, हे कलम नद्या-जमिनी नासवणाऱ्या प्रदूषणासाठी आहे, बिघडलेल्या फर्नेससाठी नाही. वाचून बरं वाटलं. पण विस्कॉन्सिनची हद्द तासाभरावर आहे आणि पॉलिसीला जोडपत्र लावून व्याख्या बदलताही येते. म्हणून ई अँड ओमध्ये या धोक्याची मर्यादित का होईना, स्पष्ट शब्दांत हमी हवी असा हट्ट धरला.

शेवटी आलेला आकडा असा. जनरल लायबिलिटी, एका घटनेला दहा लाख आणि वर्षभरात मिळून वीस लाख: ६४० डॉलर. ई अँड ओ, त्या मर्यादित हमीसह: १,४८०. उपकरणांचा वेगळा छोटा विमा, कारण एकट्या ब्लोअर डोअरलाच तीन हजारांच्या वर गेले होते. शिवाय गाडीच्या कंपनीला कळवणं, की ही गाडी आता किराणा आणण्यापुरती राहिलेली नाही. नवऱ्याने बेरीज केली आणि म्हणाला, "पहिली सहा घरं विमा कंपनीची." खरं होतं.

ई अँड ओचा एक काटा मात्र मला सही करताना कळला. जनरल लायबिलिटीत घटना कधी घडली ते बघतात. ई अँड ओत तक्रार कधी आली ते बघतात. तक्रार येईल त्या दिवशी पॉलिसी चालू हवी आणि काम ठरावीक जुन्या तारखेनंतरचं हवं. म्हणजे २०२३मध्ये लिहिलेल्या अहवालावर २०२७मध्ये कुणी बोट ठेवलं आणि मी २०२६मध्ये धंदा बंद करून पॉलिसी सोडलेली असेल, तर मी उघडी. धंदा सोडतानाही पुढच्या काही वर्षांची मुदतवाढ विकत घ्यावी लागते. सोडायलाही पैसे. आणि कंपनी बदलली तरी ती जुनी तारीख पुढे न्यायला विसरायचं नाही, नाहीतर मागची सगळी घरं एका फटक्यात उघड्यावर.

दुसऱ्याच घरात विम्याची आठवण झाली. ओक पार्कमधलं शंभर वर्षांचं विटांचं घर. खालच्या फायरप्लेसमधली राख मी शिकवल्याप्रमाणे ओल्या वर्तमानपत्राने झाकली. वरच्या बेडरूममध्ये आणखी एक फायरप्लेस होती, लाकडी फळीने बंद केलेली, पुढे पुस्तकांचं कपाट. मालकिणीलाही ती आठवली नाही आणि मी विचारलं नाही. पंखा ३५ पास्कलला पोचला तेव्हा वरून 'धप्' असा आवाज आला. फळी आडवी, आणि कुणी जाळली कुणास ठाऊक त्या लाकडांची राख पांढऱ्या गालिच्यावर. गालिचा धुवायला २८५ डॉलर लागले. पॉलिसीत पहिले ५०० माझेच. म्हणजे इतका वाचलेला विमा पहिल्या अपघातात शोभेचा ठरला. तेव्हापासून मी घरात शिरले की आधी 'बंद केलेलं काही आहे का' असं विचारते. माणसं विचित्र नजरेने बघतात.

खरी परीक्षा मात्र आपल्याच माणसांकडे झाली.

मंडळाच्या गणपतीत भेटणारे एक काका. फर्नेस दोन वर्षांपूर्वी नवी बसवली तरी बिल उतरत नाही म्हणाले, येऊन बघ ना. येऊन बघ म्हणजे फुकट, हे दोघांनाही कळत होतं. मीही हो म्हटलं असतं. पण माझ्या पॉलिसीत व्याख्या आहे: फी घेऊन केलेलं व्यावसायिक काम. एजंटबाईंना विचारलं तर त्या म्हणाल्या, काहीतरी घे आणि करारावर सही घे, फुकटचं काम या व्याख्येत बसत नाही. आता हे काकांना सांगायचं कसं? "काका, फी घ्यावी लागेल" म्हटल्यावर फोनवर जरा शांतता पसरली. मग म्हणाले, "अगं घे ना. आम्ही काय नाही म्हणतोय?" त्या आवाजातलं आपण सगळे ओळखतो.

गेले तर पोहे तयार. टेबलावर पाकीट. पाकिटात १०१ डॉलर.

घर सत्तरच्या दशकातलं. माळा ठीक होता. गोम बेसमेंटमध्ये सापडली. नवी फर्नेस चांगल्या प्रतीची, तिचा धूर प्लॅस्टिकच्या नळीने भिंतीतून थेट बाहेर. पूर्वी जुनी फर्नेस आणि गॅसचा वॉटर हीटर एकाच विटांच्या धुराड्यात धूर सोडायचे. फर्नेस निघून गेली, हीटर एकटा उरला. मोठ्या गार धुराड्यात त्याचा एवढासा धूर वर चढतच नाही. आमच्या धंद्यात त्याला अनाथ हीटर म्हणतात. त्यात भर स्वयंपाकघरातल्या चिमणीची. फोडणीचा वास घरभर होतो म्हणून काकूंनी आधीच्या वर्षी दणदणीत चिमणी बसवली होती, मिनिटाला ९०० घनफूट हवा बाहेर फेकणारी. ४००च्या वरच्या चिमणीला तेवढीच ताजी हवा आत आणायची सोय हवी, असं बांधकामाचे नमुना नियम सांगतात. इथे सोय नव्हती. मग चिमणी हवा कुठून ओढणार? जिथून मिळेल तिथून. धुराड्यातूनही.

दारं-खिडक्या बंद केल्या. ड्रायर, बाथरूमचे पंखे, चिमणी, सगळं जोरात चालू केलं आणि हीटर पेटवला. बारीक धूर सोडणारी पेन्सिल असते, तिच्या धुराची रेघ हीटरच्या तोंडाशी धरली. ती वर जायला हवी. ती खाली वळली आणि माझ्याकडे आली. पाच मिनिटं झाली, तशीच. छातीवर लावलेल्या कार्बन मोनॉक्साइडच्या मॉनिटरवर हवेच्या दहा लाख भागांमागे ४ होते, मग ९, मग १४. ९च्या वर गेलं की सांगायचं, ७०ला गेलं तर सगळ्यांना घराबाहेर काढायचं, ही आमची शिस्त. मी सगळं बंद करायला लावलं, खिडक्या उघडल्या आणि विचारलं, "शेजारची खोली कुणाची?"

काकूंच्या आईंची. नाशिकहून आल्या की त्या तिथे झोपतात. जिने चढवत नाहीत.

इलिनॉयमध्ये २००७पासून कायदा आहे, प्रत्येक झोपायच्या खोलीपासून १५ फुटांत कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म हवा. वरच्या मजल्यावर होता. खाली नव्हता.

काका म्हणाले, "इतकी वर्षं काही झालं नाही." त्यातली चिमणीसोबतची वर्षं एकच होती, हे मी बोलून दाखवलं. मग जागेवरच एक पान लिहिलं, तपासणारा माणूस येईपर्यंत हीटर बंद ठेवावा असं, आणि सही मागितली. काका पेन हातात घेऊन थांबले. "म्हणजे तू आमच्यावर केस करणार का?"

"नाही काका. तुम्ही माझ्यावर करू नये म्हणून."

काकू हसल्या. काकांनी सही केली. आईंचं अंथरूण त्या रात्री दिवाणखान्यात घातलं गेलं.

पूर्ण अहवाल लिहायला मात्र मला तीन रात्री लागल्या. पहिल्या मसुद्यात होतं, 'हीटर धोकादायक आहे'. खोडलं. मी हीटर उघडला नव्हता, तो स्वतः बिघडला आहे की घर त्याला गुदमरवतंय हे मला कसं कळणार? त्याऐवजी वेळ, कोणकोणते पंखे चालू होते, धूर किती मिनिटं उलटा आला, आकडा कुठे पोचला, एवढंच लिहिलं. 'बाकी घर सुरक्षित आहे' हे वाक्य तर मी निव्वळ काकूंना धीर यावा म्हणून लिहिलं होतं. तेही गेलं. बाकी घर सुरक्षित आहे असं म्हणायला मी काय काय तपासलं होतं? रेडॉन, म्हणजे जमिनीतून घरात शिरणारा किरणोत्सारी वायू, तपासला नव्हता. दुसऱ्याच्या घरात पैसे घेऊन तो मोजायचा तर राज्याचा वेगळा परवाना लागतो आणि तो माझ्याकडे नाही. उत्तर इलिनॉयमध्ये रेडॉन पुष्कळ आहे आणि घर घट्ट केलं की तो वाढूही शकतो. म्हणून आता माझ्या प्रत्येक अहवालात एक ओळ असते: फटी बुजवण्याआधी आणि नंतर परवानाधारकाकडून रेडॉन मोजून घ्या. लोक ती वाचत नाहीत. मी लिहिते.

काकांनी महिन्याभरात विजेचा हीट पंपवाला वॉटर हीटर घेतला. चिमणी तशीच आहे, पण ती लावताना आता खिडकी उघडतात म्हणे. जानेवारीत उघडत असतील यावर माझा विश्वास नाही.

नूतनीकरणाच्या फॉर्मवर एक प्रश्न असतो: पुढे दावा होऊ शकेल अशी एखादी घटना तुम्हाला माहीत आहे का? नवरा म्हणाला, गप्प राहा, हात दाखवून अवलक्षण कशाला? एजंटबाई म्हणाल्या, माहीत असून लपवलं आणि उद्या दावा आला तर तेवढ्यावरून हात वर करतील. मी गालिचा लिहिला, हीटर लिहिला, सही केलेलं पान जोडलं.

हप्ता ९० डॉलरनी वाढला. बाकी काही विचारलं नाही, एका गोष्टीशिवाय. जोडलेलं बिल बघून कंपनीने विचारलं होतं, तुमची फी इतरत्र ४२५ आहे, इथे १०१ का? एजंटबाईंनी फोन करून मलाच विचारलं. शंभर समजू शकतं, सवलत असेल. पण वरचा एक कशाचा?

मी समजवायचा प्रयत्न केला. शून्यावर संपवायचं नसतं, पुढे काहीतरी चालू राहावं म्हणून एक वर ठेवतात. पलीकडे टाइप केल्याचा आवाज येत होता. नंतर प्रत आली तेव्हा बघितलं, शेऱ्याच्या रकान्यात त्यांनी लिहिलं होतं: नातेवाइकांसाठीचा दर, करासह.